‘स्टॅटिन सोडा, व्हिटॅमिन घ्या’वाल्यांनी आधी रिपोर्ट दाखवा

पाचपाखाडीकर: काल इथे एकाने कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल लिहिलं, ‘स्टॅटिन म्हणजे जन्माची बेडी. मी सोडली, आता नायसिन आणि लसणाच्या कॅप्सूल घेतो, ठणठणीत आहे.’ छान. पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती, ते सोयीस्कर गाळलं. नायसिनने, म्हणजे बी-3 ने, रिपोर्टातला आकडा सुधारतो, मान्य. पण 2014 साली पंचवीस हजारांवर लोकांचा अभ्यास आला. स्टॅटिनच्या जोडीला नायसिन देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, उलट मधुमेह बळावला. याउलट 1994 च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात 4,444 हृदयरुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू 30 टक्क्यांनी घटले.

वाघबीळ_बी_विंग: तो ‘एकाने’ मीच. गोळीमुळे पोटऱ्या अशा भरून यायच्या की कठडा धरून जिना चढायचो. तुमचे स्कँडिनेव्हियन आले होते का पाय चेपायला? शिवाय माझं सगळं नैसर्गिक, केमिकल नाही.

पाचपाखाडीकर: स्टॅटिनचा शोधच मुळी बुरशीतून लागला, जपानच्या अकिरा एन्दोंनी लावला. आणि पोटऱ्यांचं म्हणाल तर 2020 मध्ये, त्रासामुळे गोळी सोडलेल्या 60 जणांवर प्रयोग झाला. औषध नसलेल्या खोट्या गोळीनेही खऱ्या गोळीच्या जवळपास 90 टक्के त्रास!

वाघबीळ_बी_विंग: म्हणजे मी नाटकं करतो?

नेरूळची_मावशी: नाटक नाही हो, दुखणं खरंच असतं. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी गोळी बदलून डोस कमी केला, आता पाम बीच रोडला रोज चालतात. पण ह्या कॅप्सूल घेतल्या कुठून?

वाघबीळ_बी_विंग: सोसायटीच्या लॉबीत, रविवारच्या स्टॉलवर. चार हजारांचा कोर्स.

ए_विंग_704: अरे! तोच स्टॉल! कमिटी दर रविवारी लॉबी भाड्याने देते. कालपरवा गाद्या, आज कॅप्सूल. भाडं जातं कुठे? एजीएमला, वार्षिक सभेत, विचारलं तर सेक्रेटरी म्हणे ‘चहापाणी’.

वाघबीळ_बी_विंग: सेक्रेटरीवर घसरू नका. लिफ्ट त्यांनीच दुरुस्त करून घेतली.

ए_विंग_704: तीन महिन्यांनी! तोवर माझी आई सातव्या मजल्यावर अडकून. तुमच्या पोटऱ्या लिफ्टमुळेच दुखत असतील.

पाचपाखाडीकर: अहो, विषय कोलेस्टेरॉलचा आहे.

ए_विंग_704: तुम्ही पाचपाखाडीत राहता, तुम्हाला काय कळणार! पावती दिली का त्यांनी? नाही ना?

वाघबीळ_बी_विंग: …नाही दिली. बरं, शनिवारी रक्त देतो. एलडीएल 130 च्या वर आला तर जातो डॉक्टरकडे, झालं समाधान? आणि खाली आला तर पाचपाखाडीकरांनी मामलेदारची मिसळ द्यायची. तिखट.