परवडेल असं, योग-निसर्गोपचाराच्या राहणीला सोयीचं शहर सुचवा (घरात ७७ वर्षांच्या सासूबाई आहेत)

मोगरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेय.

आम्ही डोंबिवलीत २३ वर्षं आहोत. मी योगशिक्षिका आहे, सकाळचे दोन वर्ग घेते आणि एक वर्ग ऑनलाइन. यांनी मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा पुण्यात नोकरीला लागला. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या ७७ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात, बाकी तब्येत उत्तम, बुद्धी तल्लख.

गेली सात-आठ वर्षं आम्ही राहणी बदलत आणली. पहाटे आसनं-प्राणायाम, संध्याकाळी साडेसहाला जेवण, घाण्याचं तेल, खपली गहू, नाचणी, शक्य तिथे फवारणी न केलेला भाजीपाला. वर्षातून एकदा निसर्गोपचार केंद्रात आठ-दहा दिवस. पण खिडकी उघडली की हॉर्न आणि धूळ. फिरायला जायचं म्हटलं तर रिक्षांच्या रांगेतून अंग चोरत जावं लागतं. वर्गाला येणाऱ्या बायका मला शांत बसायला शिकव म्हणतात, आणि मला स्वतःला इथे शांत बसता येत नाही. याचं फार वाईट वाटतं.

इथला फ्लॅट भाड्याने दिला तर १८ हजार येतील. ते, व्याज आणि माझे वर्ग धरून महिन्याला ४० हजारांत सगळं बसवायचं आहे. म्हणजे घरभाडं जास्तीत जास्त १४ हजार. घर विकत घ्यायचं नाही.

हवं ते असं: चालण्याजोगी झाडांची जागा, योग करणारी चार माणसं, चांगली भाजी, बरं वाचनालय आणि अर्ध्या तासात पोचता येईल असं मोठं रुग्णालय. मनात म्हैसूर, पुदुच्चेरीजवळचं ऑरोविल, ऋषिकेश, नाशिक आणि वर्धा आहेत. प्रत्यक्ष राहिलेल्यांनी सांगावं ही विनंती.

कावेरीकाठ

म्हैसूरला सहा वर्षं राहतेय, मूळची सांगलीची. मनापासून सांगते, तुम्ही लिहिलेल्या यादीतलं जवळजवळ सगळं इथे आहे.

योगाचं म्हणाल तर आपल्याकडे जे पोचलं त्यातलं बरंच इथूनच निघालं. १९३३ मध्ये योगगुरू कृष्णमाचार्यांनी जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवायला घेतली. बी. के. एस. अय्यंगार १९३४ मध्ये इथेच शिकायला आले आणि १९३७ मध्ये पुण्याला गेले. अष्टांग विन्यास योग शिकवणारे पट्टाभि जोईसही त्याच गुरूंचे शिष्य. ‘म्हैसूर पद्धतीचा’ वर्ग म्हणजे सगळ्यांना एकदम हुकूम द्यायचे नाहीत. प्रत्येकाने आपापल्या श्वासावर आपली मालिका करायची आणि शिक्षकाने फिरत फिरत एकेकाला हात द्यायचा. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे बघायला फार आवडेल.

एकच सांगते, गोकुलम भागात घर शोधू नका. परदेशी विद्यार्थ्यांमुळे तिथली भाडी चढलेली असतात, विशेषतः हिवाळ्यात. कुवेंपुनगर, सरस्वतीपुरम, विजयनगर या भागांत बघा. मी कुवेंपुनगरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढच्या चार कुंड्यांच्या गॅलरीला १३ हजार देते. इथे ‘भोग्य’ नावाचा प्रकारही आहे. मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. ऐकायला छान वाटतं, पण करार नोंदवून घेतल्याशिवाय आणि घरावर कर्ज नाही हे तपासल्याशिवाय त्यात पडू नका.

फिरायला कुक्करहळ्ळी तलाव. पहाटे पाणपक्षी आणि म्हातारी माणसं दोन्ही भरपूर. अंगात जोर असेल तर चामुंडीच्या हजार पायऱ्या. निसर्गोपचाराचं सरकारी महाविद्यालय आहे, आयुर्वेदाचं तर १९०८ पासून आहे. उन्हाळा तुमच्या डोंबिवलीपेक्षा कितीतरी सुसह्य, रात्री पंखा पुरतो. उणीव एकच सांगेन, मुंबईला थेट गाडी रोज नाही.

पळस

वर्ध्याचा आहे म्हणून लिहितो. पैशाचा प्रश्न वर्ध्यात येणारच नाही. १४ हजारांत अख्खं घर अंगणासकट मिळेल. सेवाग्राम आश्रम (१९३६ पासूनचा) सायकलने गाठता येतो. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे, तिथे बहिणी आजही शेती, स्वयंपाक, अभ्यास असं सामूहिक जीवन जगतात. मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी आणि शेतमाल मिळतो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे, म्हणजे आईंची ती काळजी मिटली.

पण ताई, मे महिना. ४५ अंशांच्या वर पारा जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. आम्ही जन्मापासून सोसतो, दुपारी बारा ते पाच दार लावून बसतो. डोंबिवलीहून येणाऱ्या ७७ वर्षांच्या बाईला मी पहिल्याच वर्षी हे सोसायला लावणार नाही. हिवाळ्यात या, महिनाभर राहा. कायमचं ठरवायचं तर एक मे महिना काढल्याशिवाय ठरवू नका.

तांबडमाती

ऑरोविलबद्दल. मी तिथे तीन महिने स्वयंसेवक म्हणून होतो, झाडांच्या आणि मातीच्या कामावर. माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने. २८ फेब्रुवारी १९६८ ला जेव्हा त्याची स्थापना झाली तेव्हा तिथे उघडं, धुपलेलं तांबडं पठार होतं. आज तिथे जंगलातून सायकल चालवत तुम्ही कामाला जाता. पाणी कसं अडवावं, पठारावर झाड कसं जगवावं हे शिकावं तर तिथे.

पण ते ‘राहायला जायचं शहर’ नाही. तिथली जमीन आणि घरं कोणाच्या खाजगी मालकीची नसतात. रहिवासी व्हायचं तर आधी नवागत म्हणून बराच काळ प्रक्रियेत राहावं लागतं, काम करावं लागतं आणि त्या काळात आपला खर्च आपण भागवायचा असतो. घर मिळणं हा वेगळाच प्रश्न. पाहुणा म्हणून राहिलात तर अतिथिगृहाचं भाडं तुमच्या १४ हजारांत बसणार नाही. दोघंच असता तर मी ‘जा, प्रयत्न करा’ म्हटलं असतं. आईंना घेऊन नको.

गोदाकाठ

नाशिककर. ऋषिकेशला मी दोन महिने शिकायला होतो. शिकायला जा. राहण्यासाठी ते नाही, यात्रेच्या मोसमात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

नाशिक तुम्हाला सोयीचं आहे. हवा चांगली, त्र्यंबक रस्त्याला तळवाड्यात योगविद्या गुरुकुल आहे, तिथे शिकलेले शिक्षक शहरभर वर्ग घेतात. इगतपुरीचं विपश्यना केंद्र तासाभरावर, दहा दिवसांच्या शिबिराची फी नसते, स्वेच्छेने दान द्यायचं. गंगापूर रोडला भाडी चढी आहेत, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडे तुमच्या पैशात घर मिळेल. कुंभ तोंडावर असल्यामुळे सध्या रस्त्यांची कामं जोरात आहेत हे लक्षात घ्या.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ‘शहराबाहेर, द्राक्षबागेला लागून, निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी घराची जाहिरात दिसली तर तिथे ऑक्टोबरात जाऊन या. गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची छाटणी) झाली की डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा ब्लोअर पहाटेच चालू होतो, म्हणजे नेमक्या तुमच्या प्राणायामाच्या वेळी. शेतकऱ्याचा दोष नाही, एक ओला आठवडा त्याचं वर्ष बुडवू शकतो. पण आम्ही अशाच घरात दोन वर्षं काढली, बायकोचा खोकला हटेना. शेवटी गावात आलो तेव्हा तो थांबला.

मोगरा_डोंबिवली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! गोदाकाठ, द्राक्षबागेचं तर मला स्वप्नातही सुचलं नसतं. आम्ही अगदी तशीच एक जाहिरात बाजूला काढून ठेवली होती.

वाचून मन म्हैसूरकडे ओढ घेतंय. कावेरीकाठ, तुमच्याकडे कोणी वडीलधारं राहिलंय का? सासूबाईंना तिथे करमेल?

कावेरीकाठ

हा प्रश्न तुम्ही विचाराल असं वाटतच होतं. पहिल्या प्रतिसादात मी ते टाळलं, आता लिहिते.

चार वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर आईला इथे आणलं. ७४ वर्षांची होती. शेजारच्या बायका इतक्या मायाळू की रोज कोणी ना कोणी मोगऱ्याचा गजरा आणून देई. ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवण झालं का, असं विचारत. आई ‘आयतु’ म्हणायला शिकली. त्यापुढे संवाद सरकेना. दोन्हीकडून नुसतं हसू. मला वाटायचं, तलाव आहे, हवा आहे, देऊळ आहे, आणखी काय हवं? सहा महिन्यांनी लक्षात आलं की मी ऑफिसातून येईपर्यंत आई दिवसभर एक शब्दही बोललेली नसते. मावशीला फोन लावून दोन-दोन तास बोले, आणि फोन ठेवला की पुन्हा गप्प. वर्षाने ती सांगलीला भावाकडे गेली. तिथे गल्लीत धूळ आहे, आवाज आहे, आणि आई खडखडीत आहे.

मला म्हैसूर आवडतं, मी इथून हलणार नाही. पण तुम्ही दोघं वर्गात आणि फिरण्यात रमाल तेव्हा घरात त्या एकट्या असतील. आधी त्यांना विचारा. ‘चालेल ना?’ असं नको. त्यांचा दिवस कोणाबरोबर जातो ते विचारा.

विश्वामित्री_काठ

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. बडोदं कोणाच्याच यादीत कसं नाही?

माझं माहेर दादरचं, २९ वर्षं बडोद्यात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत अजून मराठी ऐकू येतं. देवळांत भजनी मंडळं आहेत, मराठी वाङ्मय परिषद आहे, २०१८ चं साहित्य संमेलन इथेच झालं. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं मिळतात. सयाजीबाग (आम्ही कमाटीबागच म्हणतो) १८७९ ची आहे, तिथल्या झाडांखाली पहाटे आसनं करणारे, हसणारे, नुसते बसणारे असे कितीतरी गट असतात. वर्ग घ्यायचे तर तुम्हाला तिथूनच विद्यार्थी मिळतील.

आणि योगाशी बडोद्याचं नातं जुनं आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे नोकरीत होते, दांडिया बाजारातलं त्यांचं घर आज ध्यानाला जाऊन बसता येईल असं ठेवलं आहे. विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याकडून त्यांनी ध्यान घेतलं तेही इथे, १९०८ च्या जानेवारीत. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद जन्मले जवळच्या डभोईला आणि व्यायाम शिकले बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांकडे. त्यांचे योगगुरू माधवदासजी नर्मदाकाठच्या मालसरला राहायचे. मी तिथे जाऊन आले आहे, दिवसात परत येता येतं.

खाण्याचं म्हणाल तर नागली (नाचणी) आणि देशी भात डांगातून येतो, तो जिल्हा २०२१ मध्ये रसायनमुक्त शेतीचा म्हणून जाहीर झालाय. खंडेराव मार्केटला सकाळी लवकर गेलात तर भाजी ताजी आणि स्वस्त.

आता वाईट तेही सांगते. उन्हाळा कडक आहे, ४२-४३ पर्यंत जातो. वर्ध्याइतका नसला तरी म्हैसूरसारखा तर अजिबात नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, आमच्या खालच्या मजल्यावर छातीपर्यंत आलं होतं. नदीजवळ तळमजल्याचं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि आईंचे गुडघे बघता वरचा मजला घ्यायचा तर लिफ्ट हवीच, वीज गेली तरी चालणारी. कोयलीच्या रिफायनरीकडची आणि नंदेसरीच्या कारखान्यांकडची बाजू टाळा, हवेसाठीच निघालात तर तिकडे जाण्यात अर्थ नाही. माझ्या नणदेने मांजलपूरला लिफ्टवालं दोन बेडरूमचं घर १२ हजार भाड्याने घेतलंय. बोरिवलीहून गाडीने पाच तास, पुण्याहून मुलगाही एका रात्रीत येऊन पोचेल.

पळस

बडोद्याला अनुमोदन. तरी माझी अट तीच, मे महिना काढा.

मोगरा_डोंबिवली

काल रात्री जेवण झाल्यावर सासूबाईंजवळ बसले. कावेरीकाठ, तुम्ही सांगितलंत तसंच विचारलं. म्हणाल्या, “सकाळी भाजीवाली, अकराला वरच्या मजल्यावरच्या काकू, चारला देवळातलं भजन. मधल्या वेळात तुमचं काय चाललंय ते बघते.” इतकी वर्षं एका घरात राहून मला त्या काकूंचं नावही नीट माहीत नव्हतं.

मग बडोद्याचं वाचून दाखवलं. त्या गिरगावात चाळीत वाढल्या, दोन्ही बाजूंचे शेजारी गुजराती. धागा पूर्ण व्हायच्या आतच गुजरातीत काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मी त्यांना गुजराती बोलताना कधी ऐकलं नव्हतं! म्हणाल्या, “भजन असेल तर मी येते. पण आधी बघून येऊ, सामान नंतर.”

तर ठरलंय असं: डोंबिवलीचं घर इतक्यात भाड्याने देत नाही. पूर्ण मे महिना बडोद्यात काढायचा, तिघांनी. जमलं तर पुढे पावसात पुन्हा पंधरा दिवस. नाशिक दुसरं, ते ऑक्टोबरात बघू, फवारणीच्याच दिवसांत. म्हैसूरला मी एकटी महिनाभर शिकायला येईन, कावेरीकाठ, तेव्हा भेटूच.

विश्वामित्री_काठ, दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या आसपास महिन्याभरासाठी दोन खोल्या मिळतील का? तळमजला नको, लिफ्ट हवी आणि भजनी मंडळ काठी टेकत जाण्याइतकं जवळ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.