धान्य, दूध, पाणी घरचेच आहे; मग साथीच्या काळासाठी तयारी कशाची करावी?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर शेतातच आहे आणि वृद्ध आईवडिलांपासून शाळेत जाणाऱ्या मुलांपर्यंत आम्ही सात माणसे एकत्र राहतो. वर्षभर पुरेल एवढे धान्य, परसातला भाजीपाला, दूध, अंडी, सरपण आणि विहिरीचे पाणी घरचेच असल्यामुळे बाजारावर आम्ही फार थोडे अवलंबून आहोत. २०२० साली कोविडची साथ पसरली तेव्हा शहरातले नातेवाईक वारंवार म्हणत, की तुम्हाला कसली काळजी, तुमचे सगळे घरातच पिकते. अन्नापुरते ते खरे होते. तरीही त्या काळात घरावर सतत एक ताण होता आणि तो केवळ आजाराच्या भीतीचा नव्हता.

पुन्हा अशी साथ आली तर रोजचा दिनक्रम कसा आखावा, आजारी माणसाची व्यवस्था कशी करावी आणि बाहेरच्यांशी संबंध किती ठेवावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. साठवणुकीच्या याद्या पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. मला रोजच्या जगण्याविषयी समजून घ्यायचे आहे.

शिवारवाट

आपण ज्या ताणाविषयी लिहिले आहे, त्याचे मूळ माझ्या मते काम करणाऱ्या हातांच्या संख्येत आहे. ज्या घरात सारे काही घरीच तयार होते, त्या घराचे कोठार कितीही भरलेले असले तरी दूध काढणारे, पाणी शेंदणारे, वैरण कापणारे आणि स्वयंपाक करणारे हात मोजकेच असतात. शहरातले कुटुंब आजारी पडले तर ते निदान चार दिवस अंथरुणावर पडून राहू शकते. आपल्याकडे मात्र गोठ्यातले काम एक दिवसही थांबत नाही. दुभत्या जनावराची धार वेळेवर काढली नाही तर कास तटतटते, दुखते आणि पुढे कासदाह होण्याचा धोका असतो. शिवाय दुभती गाय दिवसाला ५० ते ६० लिटर आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक पाणी पिते. वीज नसताना एवढे पाणी हाताने काढायचे झाले, तर ते तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाचे काम नव्हे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हे फार भीषण रीतीने दिसून आले. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या आडबाजूच्या छोट्या वस्तीत त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ८० प्रौढांपैकी ७२ जण दगावले. अलास्का आणि कॅनडातील लाब्राडोरच्या किनाऱ्यांवरील कित्येक वस्त्यांत जवळजवळ सर्व प्रौढ माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळली, त्यामुळे शेकोटी पेटती ठेवायला, मुलांना भरवायला आणि रुग्णांना पाणी द्यायलाही कुणी उरले नाही. ही सारी माणसे स्वतःचे अन्न स्वतः मिळवणारी होती. त्या साथीत २० ते ४० या वयातील, म्हणजे कष्टाची कामे करणारी माणसे मोठ्या प्रमाणावर मेली, ही गोष्टही आपल्यासारख्या घरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की साथ जवळ आल्याचे कळताच घरातल्या कामकरी माणसांचे दोन गट करावेत. त्यांनी शक्यतो वेगवेगळ्या खोल्यांत झोपावे, जेवणाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात आणि बाहेर जाण्याचे काम एकाच गटाकडे असावे. त्यामुळे संसर्ग टळेलच असे नाही, पण सगळे एकाच आठवड्यात आडवे होण्याची शक्यता नक्कीच कमी होते. दुसरे असे, की प्रत्येक काम घरातल्या किमान दोघांना यायला हवे. बहुतेक घरांत धार एकच जण काढतो, मोटारीचा स्टार्टर एकालाच समजतो आणि बियाणे कुठे ठेवले आहे ते एकाच बाईला ठाऊक असते. कोणत्या जनावराला किती वैरण, कोणते गाभण आहे, मोटार किती वेळ चालवायची, हे सारे मोठ्या अक्षरांत लिहून गोठ्याच्या भिंतीवर लावावे.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. आजारपणात शुश्रूषेचा भार बहुधा त्याच स्त्रीवर पडतो, जिच्यावर स्वयंपाक, धार आणि कोंबड्या यांची जबाबदारी आधीपासूनच असते. ती पडली की घर थांबते. त्यामुळे रुग्णाची सेवा कोण करणार हे आधी ठरवावे आणि त्या व्यक्तीची इतर सगळी कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उचलावीत.

आरोग्यसेवक

मी ग्रामीण भागात आरोग्यसेवेचे काम केले आहे, त्या अनुभवावरून आजारी माणसाच्या व्यवस्थेविषयी लिहितो.

श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात वेगळ्या खोलीइतकेच महत्त्व हवेला आहे. शेतघरांच्या खोल्या बऱ्याचदा जाड भिंतींच्या, लहान खिडक्यांच्या आणि धान्याच्या पोत्यांनी भरलेल्या असतात. अशी खोली रुग्णासाठी योग्य नाही. समोरासमोर दारे-खिडक्या असलेली जागा किंवा हवामान बरे असल्यास आडोसा केलेला ओटा अधिक चांगला. चुलीच्या धुरापासून रुग्णाला दूर ठेवावे. कोविडमध्ये लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जात आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकत असे. म्हणूनच खोकला सुरू झाल्यावर अंतर पाळणे पुरेसे ठरत नव्हते आणि म्हणूनच वर सुचवलेली दोन गटांची पद्धत मला योग्य वाटते.

दवाखाना दूर असलेल्या घराने तापमापक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अवश्य ठेवावा. कोविडच्या काही रुग्णांना फारशी धाप न लागताही रक्तातील प्राणवायू घसरत असे आणि अनेकांची प्रकृती पहिल्या दिवसांत नव्हे, तर आठवडाभराने बिघडत असे. निरोगी फुप्फुसे असलेल्या माणसाचे ऑक्सिमीटरवर दिसणारे प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांच्या खाली येऊ लागले तर डॉक्टरांशी लगेच बोलावे आणि ९० च्या खाली गेले तर रुग्णालयात हलवण्यास क्षणाचाही विलंब करू नये. रात्री वाहन कोण चालवणार, इंधन किती आहे आणि खाट उचलायला कोण येईल, हे रुग्ण बरा असतानाच ठरवून ठेवायचे असते.

आता स्वयंपूर्ण घरात जे कधीच पिकत नाही, त्याविषयी. रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार यांची औषधे किमान एक-दोन महिन्यांची शिल्लक असावीत आणि जुनी आधी संपवावीत. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात, वापरात घेतलेली कुपी थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते, आणि ती चुकूनही गोठू देऊ नये. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, माणसे एकमेकांपासून दूर राहिली म्हणून ते दूर जात नाहीत; कुदळ-कोयत्याशी रोजचा संबंध असलेल्या प्रौढांनी दर १० वर्षांनी लसीची मात्रा घ्यावी. मुलांच्या लशींच्या तारखाही चुकवू नयेत. २०२० या एका वर्षात जगभरातील सुमारे २ कोटी ३० लाख मुले नियमित लसीकरणातल्या प्राथमिक मात्रांपासून वंचित राहिली होती, आणि त्यामागे केंद्रे बंद असणे हे जसे कारण होते तसेच पालकांची बाहेर पडण्याची भीतीही होती.

बीजांकुर

कालावधीचा मुद्दा राहून गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोविडसंबंधी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि ती ५ मे २०२३ रोजी मागे घेतली. वर्षभराचे धान्य या मुदतीपुढे अपुरेच. एवढ्या काळात पेरण्या, वेत आणि अंड्यावर बसणाऱ्या कोंबड्यांच्या अनेक फेऱ्या होतात. संकरित वाणाचे बी पुन्हा पेरले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही, तेव्हा प्रत्येक मुख्य पिकाचा निदान एक सरळ वाण, म्हणजे ज्याचे घरचे बी पुन्हा पेरता येते असा वाण, घरी राखावा. बियाणे आणि कडधान्ये चांगली वाळवून, हवाबंद ठेवावीत. धान्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की बुरशी आणि कीड दोन्ही वाढतात. गाभण काळ गाईचा सुमारे ९ महिन्यांचा आणि शेळीचा ५ महिन्यांचा असल्यामुळे सगळी जनावरे एकाच वेळी आटणार नाहीत, असे नियोजन आधीपासून लागते.

कोंबड्या-बदकांविषयी एक सावधगिरीची सूचना. पुढची साथ परसातूनच येणार नाही असे गृहीत धरू नये. एच५एन१ या बर्ड फ्लूची माणसांना झालेली लागण प्रथम १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये आढळली, तेव्हा बाधित १८ जणांपैकी ६ जण दगावले. २०२४ मध्ये तोच विषाणू अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये सापडला. पक्ष्यांचे खाद्य आणि पाणी रानपक्ष्यांपासून झाकून ठेवावे, अचानक अनेक पक्षी मेल्यास त्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुवैद्यकांना कळवावे, ते पक्षी खाऊ नयेत आणि दूध नेहमी तापवूनच प्यावे.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. शिवारवाट यांनी सांगितलेला हातांचा मुद्दा वाचताना आमच्या घरातला ताण कशाचा होता ते माझ्या ध्यानात आले. एक शंका उरते. घरात सगळे असताना शेताचे फाटक पूर्ण बंद करून कुणालाच आत येऊ दिले नाही, तर निदान संसर्ग तरी टळेल का?

शिवारवाट

टळू शकतो, याचे उदाहरण १९१८ च्याच साथीत आहे. ७ नोव्हेंबरला प्रशांत महासागरातील पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात आजारी प्रवासी असलेले एक जहाज येऊ दिले गेले आणि काही आठवड्यांत तिथली सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मरण पावली. शेजारच्या अमेरिकी सामोआने कडक विलगीकरण पाळले आणि तिथे या आजाराने एकही मृत्यू झाला नाही. मात्र ते संपूर्ण बेटसमूहाने मिळून केलेले काम होते. एकट्या घराने फाटक लावले तर औषध, मीठ, पशुवैद्य, मुलांचे शिक्षण आणि वृद्धांना लागणारा माणसांचा सहवास यांसाठी ते आज ना उद्या उघडावेच लागते आणि ते कसे उघडायचे हे ठरलेले नसल्यामुळे गडबड होते.

त्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन घरांशी आधीच करार करावा. वस्तूंची देवाणघेवाण फाटकाबाहेरच्या ठरलेल्या जागी, उघड्यावर व्हावी. एकाच घरातल्या एकाने सर्वांसाठी बाहेरची फेरी करावी. आणि रोज सकाळी प्रत्येक घराने फोनवर खुशाली कळवावी. वृद्धांनी बांधाच्या अलीकडे-पलीकडे अंतर ठेवून बसून बोलावे, कारण माणसांशिवाय महिनोन्महिने राहणे त्यांना आजाराइतकेच खचवते. एखाद्या घरातली सगळी माणसे आजारी पडली तर त्यांची गुरे कोणी सांभाळायची, हेही याच करारात असावे. शेजाऱ्याला तुमच्या घरात पाऊल न टाकता थेट गोठ्यात जाऊन काम करता आले पाहिजे, म्हणून गोठ्याला वेगळा रस्ता ठेवावा, चारा आणि भांडी तिथेच असावीत आणि धार काढायला येणाऱ्या शेजाऱ्याची जनावरांना आधीपासून ओळख करून द्यावी. अनोळखी हाताला बऱ्याच गाई पान्हा सोडत नाहीत, त्यामुळे महिन्यातून एक-दोन वेळा तरी त्याला धार काढू देणे आत्तापासूनच सुरू करावे.