मदत हवी आहे : सहा महिन्यांच्या मुलीचं वरचं खाणं

नमस्कार ताई-वहिनींनो. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले. मुलीला नुकतेच सहा महिने पूर्ण झाले, वरचं खाणं सुरू केलंय. वर्षाची होईपर्यंत मीठ, साखर, मध काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. सासूबाईंचं मात्र रोज एकच, "मिठाबिगर काय चव लागीन पोरीले?"

केळ्यांची चिंता नाही, घरचीच बाग आहे. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं कुस्करून दिलं की मिटक्या मारते. गंगाफळही (लाल भोपळा) वाफवून छान घोटलं जातं. अडतंय ते गिलक्यापाशी (घोसाळ्यापाशी). वाफवलं की नुसतं पाणी सुटतं, गाळलं तर वाटीत काही उरत नाही, आणि पातळ दिलं की फुर्रकन आमच्या अंगावर! त्यात मुगाच्या डाळीचं घट्ट वरण कालवू की दादरच्या (आमच्याकडच्या ज्वारीच्या) पिठाची पेज?

दुसरं लोहाचं. या वयानंतर नुसत्या दुधातून ते पुरत नाही, आणि केळ्या-गंगाफळात फारसं नसतं. डाळीत दोन थेंब लिंबू पिळलं तर लोह जास्त अंगी लागतं हे ठाऊक आहे. एवढ्या लहान बाळाला कुणी दिलंय का?

आता मी कामावर रुजू होणार. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावं, तर उन्हाळ्यात इथे लाइट तासन्‌तास जाते, आणि वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. नोकरी करणाऱ्या बायका दुपारच्या खाण्याचं कसं जमवता? कृपा करून डब्यातली पावडर सुचवू नका, दारात भाजी असताना जिवावर येतं.