३-५००झेड लिनिअर: २० मीटरवर ग्रिड करंट फार चढतो

लिनिअर_होमब्रू:
एका ३-५००झेड ट्रायोड व्हॉल्व्हचा ग्राउंडेड ग्रिड लिनिअर (हॅम रेडिओचा पॉवर अँप्लिफायर) आहे, घरीच बांधलेला. प्लेटला बिनलोड २८०० व्होल्ट, पूर्ण ड्राइव्हला (रेडिओकडून येणाऱ्या सिग्नलला) २५००. ५० वॅट ड्राइव्ह देऊन डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) घेतलेले वेगवेगळ्या बँडचे आकडे:
४० मीटर: प्लेट ३९० मिलिअँपिअर, ग्रिड ११५, आउटपुट ६०० वॅट.
२० मीटर: प्लेट २९०, ग्रिड १९०, आउटपुट ४३०.
१५ मीटरवर ग्रिड याहूनही वर जातो, लगेच ट्रान्समिटची की (कळ) सोडावी लागते. ड्राइव्ह काढला की ग्रिडचा काटा शून्यावर. २० वर लोड कंडेन्सर (आउटपुटकडचा व्हेरिएबल कंडेन्सर) पूर्ण उघडला तरी ग्रिड उतरत नाही. व्हॉल्व्ह गेला का?

पाय_नेटवर्क:
व्हॉल्व्हला इतक्यात दोष देऊ नका. तोच व्हॉल्व्ह ४० वर अगदी हवे तसे आकडे देतोय. ग्रिड वर आणि प्लेट खाली, ही जोडी लोडिंग (प्लेटवर पडणारा अँटेनाकडचा भार) कमी पडल्याची खूण. लोडिंग हलकं असलं की प्लेटवरचा आरएफ स्विंग फार वाढतो. ग्रिड सर्वांत पॉझिटिव्ह असतो नेमकं तेव्हाच प्लेट व्होल्टेज तळाला जातं, आणि प्लेटकडे निघालेले इलेक्ट्रॉन ग्रिडच ओढून घेतो. प्लेट जास्त आणि ग्रिड कमी दिसला तर उलट, लोडिंग जास्त. या व्हॉल्व्हला ग्रिड प्लेटच्या पाव ते एक तृतीयांश असावा.

लोडिंग वाढवायचं तर लोड कंडेन्सर उघडायचा आणि लगेच प्लेट ट्यून पुन्हा जुळवायचा. तुमचा तर पूर्ण उघडाच आहे! म्हणजे कुठून तरी जादा कपॅसिटन्स लागून राहिलाय. ८० साठी बँडस्विचवर वेगळा कंडेन्सर आहे का? ४० वर लोडचा डायल पूर्वीच्याच जागी लागतो का?

लिनिअर_होमब्रू:
व्हेरिएबल ५०० पिकोफॅरड, ८० साठी २२० चा डोअरनॉब (हाय व्होल्टेजचा फिक्स्ड कंडेन्सर). ४० चा डायल आता बराच उघड्या बाजूला लागतो, खरं आहे.

पाय_नेटवर्क:
मग तो २२० सुटतच नाहीये. तुमच्या आकड्यांवरून प्लेट लोड सुमारे ३७०० ओहम. आउटपुट सर्किटचा क्यू (गुणवत्तांक) १२ च्या आसपास धरला तर आउटपुटच्या बाजूला ४० वर साधारण ३५० पिकोफॅरड लागतात, २० वर त्याच्या निम्मे. ४० वर व्हेरिएबल १३० वर आणला की भागतं, म्हणून तिथे दोष लपतो. २० वर २२० अधिक व्हेरिएबलचे किमान २०-२५, म्हणजे हव्या त्याहून ७० जास्त. १५ वर आणखी वाईट.

तपासणी: पॉवर बंद, प्लग सॉकेटमधून काढलेला, ब्लीडरला (कंडेन्सर रिकामे करणाऱ्या रेझिस्टरला) वेळ द्या, मग शॉर्टिंग स्टिकने प्लेट चॅसीला टेकवा आणि टेकलेलीच राहू द्या. आउटपुटला चॅसीकडे जाणारा सेफ्टी चोक (कॉइल) असेल तर त्याचं एक टोक सोडवा, नाहीतर मीटर चुकीचं दाखवेल. कपॅसिटन्स मीटर लोड कंडेन्सरच्या स्टेटरवर (न फिरणाऱ्या पात्यांवर) लावा. आकडा किती ते महत्त्वाचं नाही, कारण कॉइलमधून ट्यून कंडेन्सरही मोजला जातो. स्विच ८० वरून ४० वर नेल्यावर आकडा २२० ने उतरतो का, एवढंच बघा. चोक परत जोडायला विसरू नका. प्लेटचा ब्लॉकिंग कंडेन्सर शॉर्ट झाला तर हाय व्होल्टेज अँटेनापर्यंत जाऊ न देता फ्यूज उडवणारा तोच आहे.

काटा_आणि_शंट:
पटलं, तरी ग्रिड मीटरचा शंटही (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) तपासा. १ ओहमचा शंट तापून वाढला की मीटर खोटंच जास्त दाखवतं. मल्टिमीटरने १ ओहम मोजू नका, वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. बेंच सप्लायमधून १०० मिलिअँपिअर सोडा आणि काटा कुठे थांबतो ते बघा.

ड्राइव्ह नसताना ग्रिड शून्य आहे हे उत्तम. तेव्हा काटा वर चढला आणि ट्यून फिरवताना हलला असता तर पॅरासिटिक ऑसिलेशन (व्हॉल्व्हचं आपोआप नको त्या फ्रिक्वेन्सीवर दोलन). उलटा गेला असता तर व्हॉल्व्हमध्ये गॅस किंवा ग्रिडचंच एमिशन.

या व्हॉल्व्हचा ग्रिड फक्त २० वॅट सोसतो. जाळी तापून वाकली आणि फिलामेंटला टेकली की खेळ संपला. ग्रिड रिटर्नमध्ये ३.३ ओहम घालून त्यावर एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर ठेवा. २०० मिलिअँपिअरला ०.६५ व्होल्ट होतात, तेवढ्यात तो कीइंग रिले (ट्रान्समिट चालू करणारा) सोडवतो. शोधाशोध चालू असताना ड्राइव्ह २० वॅटच ठेवा आणि की पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका.

लिनिअर_होमब्रू:
शंट बरोबर: १०० सोडले, १०० दाखवले. स्विच ४० वर नेला तरी आकडा जागचा हलला नाही. बँडस्विचच्या वेफरवर (संपर्कांच्या चकतीवर) ८० च्या संपर्काची पाती वितळून फिरत्या कड्याला चिकटलेली निघाली.

काटा_आणि_शंट:
की दाबलेली असताना बँडस्विच फिरला की आर्क होऊन नेमकं असंच चिकटतं. ती पाती घासून परत वापरू नका, चांदीचा मुलामा गेलेला असतो. वेफर बदला. शेजारच्या फिनोलिकवर (इन्सुलेटरवर) काळी रेघ असेल तर तिथून पुन्हा आर्क सुरू होईल.

लिनिअर_होमब्रू:
वेफर बदलला. २० मीटर: प्लेट ३८५, ग्रिड ११८, आउटपुट ५९०. लोडचा डायल मधल्या भागात लागतो. ७३ (शुभेच्छा).