लहान लेकरांना घेऊन फिरायला कुठे जाता? आपापले अनुभव सांगा (अनुभव धागा)

दारव्ह्याची_सून

परवा भाचीने स्टेटस ठेवलं होतं. नागपूरच्या वॉटर पार्कमधलं, पोरं पाण्यात नुसती किंचाळत होती. ते बघताना मला एकदम शेगावच्या आनंद सागर बागेतली छोटी आगगाडी आठवली. लेक तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. सासूबाईंना महाराजांचं दर्शन घ्यायचं होतं म्हणून सगळं घरच निघालं. दर्शन झालं, प्रसाद झाला, उन्हं उतरल्यावर आनंद सागर. गाडी सुटली तशी लेकीने दोन्ही मुठींनी समोरचा दांडा पकडला. गाडी थांबली, माणसं उतरली, तरी मुठी सुटेनात. गाडीवाले दादा एकेक बोट सोडवत म्हणाले, "बाई, स्टेशन आलं तुमचं." सासूबाई त्या दिवसाचं वर्णन अजूनही आल्यागेल्याला ऐकवतात.

आता लेक मोठी झाली, धाकटा पहिलीत आहे आणि जाऊबाईंचं बाळ दीड वर्षाचं. हरभरा घरात आलाय. गहू निघाला की मधे थोडी उसंत आहे, तेव्हा सगळ्यांना घेऊन कुठेतरी जायचंय. घरात रोज नवीन नाव निघतं. दिरांना मोठे झोके-पाळणे हवेत, पोरांना पाणी हवं, सासूबाईंना बसायला सावली हवी. माझं मत पक्कं आहे. एवढी लहान पोरं सोबत असली की जागा किती मोठी यापेक्षा ती घरापासून किती दूर, तिथे सावली किती आणि सगळ्यात लहान लेकराला तिथे करायला काय, हे आधी बघावं. तुम्ही कुठे गेलात, लेकरं केवढी होती, त्यांना काय आवडलं, सगळं सांगा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

कोंढाळीवाला

आमी राहतो अमरावती रोडवर. बाजारगावचं फन अँड फूड वॉटर पार्क जवळ पडते म्हनून उन्हाळ्यात पाव्हने आले की तिकडंच. एक गोष्ट सांगतो ताई. मोठ्या घसरगुंडीपाशी उंचीची पट्टी असते. त्याच्याखाली जे लेकरू येते त्याले वर जाऊ देत नाई, कितीबी रडू द्या. माह्या पुतन्या टाचा वर करून उभा रायला, गार्डनं हळूच खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं 😀 पोट्टं इतकं हिरमुसलं का सांगू नका. आता आमी घरूनच दाराच्या चौकटीले टेप लावून मोजून नेतो आन् गाडीतच सांगून ठेवतो का तू यंदा छोट्या तलावातच. मंग रडारड होत नाई.

वरुडची_मावशी

कोंढाळीवाले भाऊ, बरोबर. आणि बऱ्याच पार्कांत तिकीटही वयावर नाही, उंचीवरच असतं. बुक करायच्या आधी फोन करून विचारायचं.

कपड्यांचं कोणी बोललंच नाही. साडी, सुती सलवार, जीन्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचाच ड्रेस लागतो. सुती कपड्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात, शिवाय भिजलेलं सुती कापड जड होऊन अंगाला चिकटतं नि पट्ट्यावरून घसरताना अडकतं. तिथे भाड्याने मिळतात, पण लहान मापाचे सकाळी लवकर संपतात. मी बाजारातून लेकरांचे आणि माझाही घेऊन ठेवलाय. माझा पायघोळ आहे, पूर्ण बाह्यांचा, अजिबात संकोच वाटत नाही. आमच्या बचत गटातल्या बायका आधी काठावर बसायला तयार नव्हत्या, ड्रेस घातल्यावर लाटांच्या तलावातून निघेनात!

गजानन_कृपा

आनंद सागर चालू आहे का आता? ५ वर्षाच्या मुलीला न्यायचंय

दारव्ह्याची_सून

मधे बराच काळ बंद होतं. जायच्या आधी संस्थानात विचारून घ्या, आत काय काय चालू आहे ते. दर्शन तर होईलच, आणि स्टेशनवरची कचोरी आहेच 🙏

शकुंतलेचा_प्रवासी

दारव्हा म्हटल्यावर राहवत नाही हो. आमच्या लहानपणी खेळगाडीसाठी कोणत्या उद्यानात जावं लागत नव्हतं, शकुंतला रेल्वे होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर. दारव्हा मोतीबागला थांबायची. रूळ नेहमीच्यापेक्षा अरुंद, अडीच फुटांचे. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं, मग डिझेल आलं. वडील कापसाच्या हंगामात आम्हा भावंडांना मुद्दाम तिने न्यायचे. इतकी हळू चालायची की बांधावरची पोरं सोबत पळायची. माझ्या नातवाला आज आठशे रुपयांचं तिकीट काढून जी मजा दाखवतो ती आम्हाला पासिंजरच्या भाड्यात मिळाली. विषय सोडून लिहिलं, माफ करा, पण गाडीचं नाव निघालं.

मूर्तिजापूरकर

काका लिहा हो अजून. माझी आई अचलपूरच्या फाट्याच्या गाडीने माहेरी जायची. लेकरांना खिडकीत बसवून दिलं की ती मुकाट बसत म्हणे.

शकुंतलेचा_प्रवासी

अचलपूर गाडीत बसलोय मी. वेगळा धागा काढतो.

आशाताई_झरी

मी आशा वर्कर आहे, पटकन लिहिते, दुपारी भेटींना जायचंय.

एप्रिल-मे मध्ये जाणार असाल तर ऐका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. लेकरू पाण्यात आहे म्हणजे त्याला ऊन लागत नाही असं नाही. पाण्यात खेळताना घाम कळत नाही, तहान सांगत नाहीत, आणि तासाभरात डोळे खोल जातात. दर अर्ध्या तासाला बाहेर काढून दोन घोट मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस पाजा. ओठ सुकले, लघवी कमी झाली, लेकरू खेळायचं सोडून गप्प बसलं, तर लगेच सावलीत. बारा ते चार पाण्यातून बाहेरच ठेवा.

आणि चप्पल! तलाव ते कपडे बदलायची खोली एवढं चालताना फरशी तव्यासारखी तापलेली असते. एका ठिकाणी माझ्या भाचीच्या तळपायाला फोड आले, चप्पल लॉकरमध्ये ठेवायला लावली होती. तेव्हापासून आम्ही पाण्यात चालतील असे रबरी सँडल सोबतच ठेवतो. दीड वर्षाच्या बाळाला मोठ्या तलावात नेऊच नका जाऊबाईंना सांगा.

कोंढाळीवाला

ताई, कांदा खिशात ठेवला तं चालते का? आमची आजी ठेवायची

आशाताई_झरी

ठेवा, पण पाणी पाजा 😀

पांढरकवडा_टू_हैदराबाद

आमच्याकडून नागपूर आणि आदिलाबाद दोन्ही जवळ. म्हणून आम्ही ४४ नंबर हायवेने सरळ हैदराबाद गाठलं. रामोजी फिल्म सिटी. १९९६ पासून आहे, आकार एवढा की आत त्यांच्याच बसने फिरवतात. माझी मोठी मुलगी आठवीत, ती भारावून गेली. धाकटी चार वर्षांची. तिला सेट म्हणजे काय, शूटिंग म्हणजे काय, काही कळत नव्हतं. बसमधून उतर, चढ, रांग, परत उतर. दुपारी ती कारंज्याच्या कठड्यावर बसली आणि तासभर हाताने पाणी उडवत राहिली. तेवढाच तिचा आनंद, आणि मी तिला तिथून उठवलं नाही. शो बाकीच्यांनी बघितला.

दुसऱ्या दिवशी चारमिनार टाळून नेहरू झू केलं. तिला ते फारच आवडलं. दोन मुक्काम काढायची तयारी असेल तरच हैदराबादचा विचार करा, एका दिवसाचं काम नाही.

निनावी_आई

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे त्याला. मोठे आवाज सहन होत नाहीत. पार्कात भोंगा, डीजे, किंचाळणं सुरू झालं की कानावर हात ठेवून जमिनीवर बसतो, आणि लोक "लाडावलंय" म्हणतात. म्हणून आम्ही नवेगाव बांधला जातो. गोंदियाकडे. तळं मोठं आहे, हिवाळ्यात पाखरं येतात. तिथे खेळायलाही आहे थोडंफार. मुलगा तासन्‌तास काठावर खडे टाकत बसतो. आम्ही डबा घेऊन जातो, जेवतो, येतो. आम्हा तिघांसाठी तीच सहल आहे. कुणाच्या लेकराला आवाजाचा त्रास असेल तर सांगावंसं वाटलं.

वरुडची_मावशी

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या शेजारच्या मुलालाही असंच आहे, त्याच्या आईला हे वाचून दाखवते.

आशाताई_झरी

❤️ आठवड्यात मधल्या वारी गेलं तर गर्दीही कमी असते. जिल्हा रुग्णालयात लेकरांसाठी डीईआयसी म्हणून केंद्र असतं, तिथे तपासणी आणि थेरपी मिळते, ठाऊक नसेल तर सांगते.

निनावी_आई

जातो तिथे. धन्यवाद ताई. 🙏

चांदूरबाजार_एक्सप्रेस

सगळे शहराकडं पळून रायले. बहिरमची जत्रा इसरले का? आमच्या तालुक्यात, डिसेंबर-जानेवारीत महिनाभर असते. आकाशपाळना, घोडे, मौत का कुआ, फुगे, फिरती खेळणी, सगळं एका जागी. लेकरू थकलं का बैलबंडीत नाई तं गाडीत झोपवा आन् आपन हंडीचं मटन आन् रोडगे खा. शाकाहारी असाल तं वांग्याची भाजी आन् रोडगे. माहं लेकरू जत्रेत लाकडी घोड्यावर बसून इतकं खुश झालतं का घरी येऊन उशीवर बसून हाकलत होतं.

फक्त एक करा, जत्रेत लेकराच्या मनगटावर पेनानं मोबाईल नंबर लिहा. गर्दी भारी असते.

कोंढाळीवाला

रोडगे कशात भाजता? गोवऱ्यात का चुलीवर?

चांदूरबाजार_एक्सप्रेस

गोवऱ्यातच. चुलीवर केले तं तो रोडगा नाई, जाड पोळी हाये.

कोंढाळीवाला

हाव ना! आमच्याइकडं लोक तव्यावर करतात आन् रोडगे म्हनतात.

सीताबर्डी_ते_सावनेर

शहरात राहणाऱ्याचं मत देतो, आमच्याकडे गावचे पाहुणे लेकरं घेऊन सतत येतात म्हणून. आम्ही सकाळी गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात नेतो. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू झालं. बंद बसमधून वाघ, बिबट, अस्वल दिसतात, लेकरू आईच्या मांडीवर बसून बघतं, ऊन लागत नाही. सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा. दुपारी रमण विज्ञान केंद्र, आत सावलीत फिरता येतं, बटण दाबून करायचे प्रयोग आहेत, पहिली-दुसरीच्या पोरांना तिथून बाहेर काढावं लागतं. संध्याकाळी फुटाळा तलावावर थोडी हवा खायची. आजी-आजोबाही यात थकत नाहीत. दारव्ह्याच्या ताई, तुमच्या सासूबाईंना आणि दीड वर्षाच्या बाळाला हे झेपेल असं मला मनापासून वाटतं.

दारव्ह्याची_सून

हे फार उपयोगी लिहिलंत. दिरांना दाखवते आत्ताच.

बाभुळगावचा_बाप

पैशांचं लिहितो. बायका एसटीने आल्या तर मार्च २०२३ पासून तिकीट अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं. खासगी गाडीपेक्षा एसटी आणि पुढे ऑटो हे आम्हाला परवडलं. पण पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. एका पार्काच्या दारावर आमच्या धाकट्याची वरणभाताची डबी काढून घेत होते. मी म्हटलं, वर्षभराचं लेकरू समोसा खाईल का? आवाज नाही चढवला, पण हललो पण नाही. शेवटी साहेब आले, डबी आत. बाळाचं खाणं, दूध, औषध याबद्दल आधी फोन करून विचारायचं आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव विचारून ठेवायचं. एवढं सांगतो, बाळाच्या जेवणासाठी भांडायला लाजू नका.

वरुडची_मावशी

शंभर टक्के. मी तर दशम्या आणि ठेचा गाडीतच ठेवते, बाहेर येऊन झाडाखाली जेवायचं. आमच्याकडची संत्रीही न्या, पोरं सोलून खातात, पाणीही पोटात जातं.

पांढरकवडा_टू_हैदराबाद

समृद्धीवरून कुणी गेलंय का शिर्डीकडे? तिथेही वॉटर पार्क आहे म्हणतात, दर्शन आणि पार्क एकत्र होईल.

मूर्तिजापूरकर

गेलोय. आमच्याकडून कारंजाला चढलो. रस्ता सरळसोट आहे, लेकरं झोपून जातात. पण मधे खाण्यापिण्याच्या सोयी अजून विरळच, पाणी आणि खाऊ भरून घ्या, आणि चालवणाऱ्याला डुलकी येते म्हणून दर दीड तासाला थांबा. टायरची हवा तपासूनच चढा, उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता फार तापतो.

दारव्ह्याची_सून

सगळ्यांचं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांना गोरेवाड्याचा वाघ बघायचाय. दिरांना अजून पाणी हवंच आहे, म्हणून मोठ्या पोरांना घेऊन ते दुसऱ्या दिवशी बाजारगावला जातील, आम्ही बाळासोबत विज्ञान केंद्रात. यवतमाळ-दारव्हा भागात कुणाकडे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मापाचा नायलॉनचा ड्रेस आहे का? एका दिवसासाठी नवीन घ्यायचा नाही म्हणते.

बाभुळगावचा_बाप

आमच्या मोठ्याचा आहे ताई, निळा. यंदा त्याला होत नाही. रविवारी यवतमाळला माल घेऊन येतोय, बाजार समितीपाशी देतो.

दारव्ह्याची_सून

चालेल दादा. हे रविवारी तिकडेच आहेत, त्यांना पाठवते. तुम्हाला घरचा हरभरा पाठवते, नाही म्हणायचं नाही.

चांदूरबाजार_एक्सप्रेस

आमाले पन पाठवा थोडा हरभरा 😀