मदत हवी आहे (२०२१): शाळा प्रत्यक्ष सुरू करण्याबद्दल पालकसभेत नेमके काय मांडू?

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी प्राथमिक वर्गांची पालक प्रतिनिधी आहे. येत्या शनिवारी सभा आहे आणि विषय एकच, कोरोनाच्या साथीत बंद पडलेले वर्ग प्रत्यक्ष भरवायचे की ऑनलाइनच चालू ठेवायचे. शाळेने सगळ्यांना संमतीपत्र पाठवले आहे. त्यात 'पाठवणार' आणि 'पाठवणार नाही' असे दोन चौकोन आणि खाली एक ओळ: 'पाल्यास संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' एका वर्गात किती मुले बसवणार, खिडक्या उघडतात का, एखादे मूल बाधित निघाले तर पुढे काय, यावर अवाक्षर नाही. पालकांच्या ग्रुपवर मात्र त्या दोन चौकोनांवरून रोज जुंपते आहे.

माझे मत आधीच सांगते. लहान मुलांचे वर्ग सुरू व्हावेत असे मला मनापासून वाटते, पण या संमतीपत्रावर सही करून नाही. जबाबदारी पालकांच्या गळ्यात घालून शाळा उघडणे वेगळे आणि तयारी करून उघडणे वेगळे. सभेत हे मला पुराव्यानिशी मांडायचे आहे.

सुरू का व्हावेत, तर शेजारचा दुसरीतला मुलगा माझ्या फोनवरून वर्गाला बसतो, कारण आईवडील दोघेही कामावर जातात. हजेरीत नाव आले की माइक चालू करून 'प्रेझेंट मिस' म्हणतो, माइक बंद करतो आणि खिडकीतून बाहेर बघत बसतो. पहिलीचे वर्षही त्याचे असेच गेले. परवा मी त्याच्यापुढे पुस्तक ठेवले तर घडाघडा वाचायला लागला. बोटही ओळीवर फिरत होते. पण तोंडातून येणारा शब्द आणि बोटाखालचा शब्द यांचा मेळ नव्हता. सगळा धडा त्याने ऐकून पाठ केला होता. मी मधलाच एक शब्द झाकून विचारला, तेव्हा तो गप्प झाला.

हे एका मुलाचे रडगाणे आहे असे कोणी म्हणेल, म्हणून नेदरलँड्सचा अभ्यास वाचला. तिथे २०२० मध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी इंटरनेट आहे. तरी सुमारे साडेतीन लाख मुलांचे निकाल तपासल्यावर दिसले की घरून शिकताना प्रगती जवळजवळ झालीच नाही. आईवडील कमी शिकलेले असतील तर नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त. ही परिस्थिती जिथे सगळ्या सोयी आहेत तिथली. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या ३ ते १७ वयाच्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी तेव्हा इंटरनेटच नव्हते, म्हणजे १३० कोटी मुले. इबोलाच्या साथीत सिएरा लिओनमध्ये शाळा महिनोन्‌महिने बंद राहिल्या, तेव्हा किशोरवयीन मुलींमध्ये गर्भारपण वाढले आणि अशा मुलींना शाळेत यायलाच बंदी घातली गेली. ती बंदी उठली मार्च २०२० मध्ये. शाळा बंद म्हणजे फक्त अभ्यास बंद, असे नसते.

आता दुसरी बाजू. ग्रुपवरच्या एका आईच्या घरी सासरे डायलिसिसवर आहेत. तिचे म्हणणे, 'माझा मुलगा दोन दिवसांत बरा होईल हो, पण तो घरी कोणाजवळ झोपतो ते मला माहीत आहे.' यावर कोणीतरी 'उगाच घाबरवू नका' असे लिहिले. मला ते फार लागले. तिची भीती अजिबात उगाच नाही. इस्रायलने मे २०२० मध्ये शाळा उघडल्या, वर्ग गच्च भरलेले, त्यातच उष्णतेची लाट आली म्हणून मास्कची सक्ती उठवली आणि खिडक्या लावून एसी चालवले. एकाच माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले.

याउलट अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वूड काउंटीतल्या १७ शाळांचे उदाहरण आहे. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत तिथे मुले आणि कर्मचारी मिळून १९१ जण बाधित झाले, पण शाळेतच संसर्ग झाला असे आढळले फक्त ७ जणांत. गावात साथ जोरात होती तरीही. मास्क, छोटे कायमचे गट, एका गटाची दुसऱ्यात मिसळ नाही, एवढ्यावर त्यांनी निभावले. डेन्मार्कने तर एप्रिल २०२० मध्येच धाकट्या मुलांपासून सुरुवात केली, लहान गट केले आणि जमेल तितके बाहेर शिकवले.

म्हणजे शाळा धोकादायक की सुरक्षित हे शाळा काय करते यावर ठरते. आणि आमची शाळा काय करणार हेच कोणी सांगत नाहीये.

माझे प्रश्न असे. वर्गातली हवा पुरेशी खेळती आहे की नाही हे आपल्यासारख्याने कसे तपासायचे? ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्या मुलांसाठी काय मागावे? आणि लहान मुलांची लस आलेली नसताना उघडायचेच असेल तर कोणत्या अटी सोडायच्या नाहीत? शाळा लहान आहे, पैसा फार नाही, हे लक्षात घेऊन सांगावे. राजकारण कृपया नको.

<b>प्रतिसाद १</b>

इमारतींत हवा खेळती ठेवण्याचे काम करतो, म्हणून फक्त पहिल्या प्रश्नावर लिहितो.

कोरोनाचा विषाणू बोलताना, खोकताना बाहेर पडणाऱ्या बारीक कणांतून हवेत राहतो. बंद खोलीत ते कण साचत जातात. म्हणून समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या हव्यात, एका बाजूच्या दहा खिडक्यांनी तेवढे काम होत नाही. वरच्या झडपा असतील तर त्या आधी उघडा, गरम हवा तिथून निघते. रंगाने चिकटलेल्या किंवा खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या किती आहेत ते स्वतः हात लावून बघा, फक्त विचारू नका. भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच तीच फिरवतो. छताच्या पंख्याचेही तेच.

मोजायचे असेल तर कार्बन डायऑक्साइडचे मीटर आणा. एक मीटर सगळ्या वर्गांत फिरवता येते. आपल्या श्वासातून हा वायू बाहेर पडतो, त्यामुळे दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेतोय याचा त्यावरून अंदाज येतो. बाहेर आकडा साधारण ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) थोडा वर असतो. भरलेल्या वर्गात ८०० च्या खाली राहिला तर उत्तम. १५०० च्या वर गेला तर ताबडतोब काही केले पाहिजे. मुले बसून अर्धा तास झाला की मोजा, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्या तोंडापासून लांब. रिकाम्या वर्गात मोजून 'सगळे ठीक आहे' म्हणणारे पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. आकडा खाली येत नसेल तर एका खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून पंखा बसवा आणि समोरचे दार उघडे ठेवा.

फवारणी, बाकांचे निर्जंतुकीकरण यावर पैसे घालवू देऊ नका. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे, असे अमेरिकेच्या सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण केंद्राने) एप्रिल २०२१ मध्येच सांगितले आहे. हात धुवावेत, पण खर्च करायचा तो हवेवर.

<b>प्रतिसाद २</b>

ताई, तुमचे लिखाण मनापासूनचे आहे, पण त्यात शिक्षक कुठे आहेत? मी तिसरीला शिकवते आणि मला मधुमेह आहे. संमतीपत्र पालकांना गेले, आम्हाला कोणी विचारले नाही.

दोन गोष्टी सभेत मांडाच. पहिली म्हणजे शिक्षकांची खोली. वर्गात आम्ही मास्क लावून काटेकोर असतो आणि मधल्या सुट्टीत एका छोट्या खोलीत सगळ्या जणी मास्क काढून डबा खातो. धोका तिथे जास्त आहे. पाळीपाळीने किंवा बाहेर बसून खाण्याची सोय व्हायला हवी.

दुसरी, समोर मुले आणि टेबलावर फोन लावून एकाच वेळी दोन्हीकडे शिकवणे. शाळा हाच तोडगा सुचवतील, कारण त्यांना तो फुकट वाटतो. मी तो करून पाहिला आहे. फोनकडे बघून बोलले की समोरची मुले सुटतात, फळ्याकडे वळले की फोनवरच्यांना ऐकू येत नाही. घरी राहणाऱ्या मुलांसाठी वेगळी शिक्षिका आणि वेगळा तास मागा, रोज एकच तास मिळाला तरी चालेल.

आणि मास्क लावून तासन्‌तास मोठ्याने बोलल्यावर घसा बसतो. गळ्यात अडकवायचा छोटा माइक दिला तर कोणीही शिक्षिका वाचून दाखवताना मास्क खाली ओढणार नाही.

<b>प्रतिसाद ३</b>

मी विरोधात आहे. २०२० चे दाखले आता कामाचे नाहीत, डेल्टा हा विषाणूचा जास्त वेगाने पसरणारा प्रकार आल्यापासून गणित बदलले आहे. दीड वर्ष गेलेच आहे, लहान मुलांची लस येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे? गेलेला अभ्यास भरून काढता येतो, गेलेला माणूस नाही.

<b>धागाकर्ती</b>

सगळ्यांचे आभार.

प्रतिसाद ३, डेल्टाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत मे २०२१ मध्ये असे घडले. लस न घेतलेल्या एका शिक्षकांना लक्षणे होती, तरी ते दोन दिवस कामावर आले आणि मुलांना वाचून दाखवताना अधूनमधून मास्क काढत होते. वर्गातल्या २४ मुलांपैकी १२ बाधित झाली. पहिल्या दोन रांगांतल्या १० पैकी ८. विषाणू डेल्टाच होता. पण त्या वर्गात मुलांना मास्क होते, बाकांत अंतर होते, दारे-खिडक्या उघड्या होत्या, आणि तरीही एका माणसाच्या दोन चुकांनी हे झाले. म्हणून माझी पहिली अट आता मोठ्यांची लस आणि 'लक्षणे असतील तर घरी राहा, पगार कापला जाणार नाही' ही आहे. पगार कापला जाणार असेल तर माणूस खोकला लपवून येणारच.

थांबण्याबद्दल मात्र मला पटत नाही. लहानांच्या लशीची तारीख कोणालाच सांगता येत नाहीये. बाजार आणि कार्यालये उघडी आहेत, मोठी माणसे रोज घरी संसर्ग आणू शकतात, आणि थांबायचे फक्त सहा-सात वर्षांच्या मुलांनी? वाचायला शिकण्याचे वय कोणासाठी थांबत नाही. अभ्यास भरून काढता येतो, पण तो ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी आहे त्यांचा.

प्रतिसाद २, तुम्ही बरोबर बोट ठेवलेत. वूड काउंटीतल्या त्या ७ जणांत सगळी मुलेच होती, कर्मचारी एकही नव्हता, म्हणजे शिक्षकांना सांभाळता येते. शनिवारी शिक्षकांचा प्रतिनिधी सभेत असावा, असे मी आजच कळवते.

सभेआधी मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा मसुदा खाली टाकते आहे. काही सुटले असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.

'आदरणीय मुख्याध्यापक, प्राथमिक वर्ग प्रत्यक्ष सुरू करण्यास आमचा पाठिंबा आहे. सध्याचे संमतीपत्र मात्र मागे घ्यावे आणि पुढील बाबी लेखी द्याव्यात. प्रत्येक वर्गातील उघडणाऱ्या खिडक्यांची पाहणी दोन पालक आणि एका शिक्षकाने मिळून करावी आणि मुले बसलेली असताना कार्बन डायऑक्साइड मोजून आकडा वर्गाच्या दारावर लावावा. मुलांचे गट ठरलेले असावेत. शाळेतील सर्व मोठ्यांचे लसीकरण झालेले असावे, आजारपणाची रजा भरपगारी असावी. शिक्षकांना माइक आणि खाण्यासाठी मोकळी जागा मिळावी. घरी जोखमीचा रुग्ण असलेल्या मुलांना कारण न विचारता घरून शिकण्याची मुभा असावी, त्यांच्यासाठी स्वतंत्र तास असावा आणि त्यांची हजेरी कापू नये. मूल बाधित आढळल्यास कोणता गट किती दिवस घरी राहील हे आधीच ठरलेले असावे आणि पालकांना त्याच दिवशी, मुलाचे नाव न घेता, कळवावे.'