मिडी फाईलमधून फक्त बासरी कशी काढू?

पेटीवाला: गणपतीच्या कार्यक्रमासाठी एक मिडी फाईल (आवाज नाही, कुठला सूर कधी वाजवायचा याच्या नोंदी) मिळालीय, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढली तर बासरी, बेस, ड्रम्स सगळ्याचा एकाच ट्रॅकवर गोपाळकाला झालाय. बासरी आमचा पोरगा लाईव्ह वाजवणारे, तेवढी काढायचीय.

खर्जातला: टाईप 0 प्रकारची मिडी फाईल असणार. त्यात ट्रॅक एकच, पण चॅनल नंबर (वाद्यागणिक वेगळा क्रमांक) शाबूत असतात, 16 पर्यंत. आयटमवर (ट्रॅकवरच्या तुकड्यावर) राईट क्लिक करून चॅनलप्रमाणे एक्सप्लोड कर, म्हणजे वेगळे ट्रॅक होतील, नंतर बासरीचा ट्रॅक म्यूट.

ठेकेदार: पट्टी बदलणार असशील तर चॅनल 10 सोडून हां, तिथे ड्रम्स असतात. मी एकदा अख्खी फाईल दोन सेमीटोन (अर्धे सूर) वर नेली, ड्रम्समध्ये प्रत्येक सुराच्या नंबरला वेगळं वाद्य असतं, म्हणून 36 नंबरची किक 38 वर जाऊन स्नेअर वाजायला लागली, सगळे हसले राव 😅

पेटीवाला: जमलं! बासरी चॅनल 4 वर सापडली. पट्टी बदलायचीच होती, वाचलो.